खाली

स्वप्ना इंगळेला मशीनशी भांडायची खोड होती, आणि ती भांडायची तेही अस्सल मूर्तिजापुरी वऱ्हाडीत. जयपूरच्या झोटवाड्यात शालिनीजींच्या भरतकामाच्या कारखान्यात सगळा व्यवहार हिंदीत चाले. पण मशीनचा दोरा तुटला की कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज यायचा, "काऊन वं? सकाळपासून बरी चालली होती नं? आत्ताच काय झालं तुले?" फ्रेमवर कापड ताणून बसवणारी इंदुबाई म्हणायची, "मशीन को मराठी आती है, बस हमको ही नहीं आती." मग सगळी शेड हसायची, आणि स्वप्नाही.

तिचं काम पंचिंगचं. म्हणजे कागदावर काढलेला मोर, कैरी, वेलबुट्टी घ्यायची आणि कॉम्प्युटरवर तिचे टाके पाडायचे: सुई कुठून निघेल, कुठे वळेल, दोरा कुठे तुटेल. तंत्रनिकेतनातून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली बाई भरतकामात कशी शिरली, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "कोचिंग क्लासमध्ये पोरांना शिकवत होते. पोरं ऐकत नव्हती. मशीन ऐकते." हे काही खरं नव्हतं. मशीनही ऐकत नव्हती, पण ती निदान तोंडावर हसत नव्हती.

मशीन परदेशी होती, जुनी होती आणि अगदी धडधाकट होती. ती बनवणारी कंपनी मात्र केव्हाच बुडाली होती. मशीन चालायची ती एका जुनाट कॉम्प्युटरवरून, कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरने, कंपनीच्याच ड्रायव्हरने. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामधला दुभाष्या. हा दुभाष्या फक्त त्या एका जुन्या विंडोजवर जिवंत होता. नव्या कॉम्प्युटरवर टाकला की डोळे मिटून पडायचा.

एका वैशाखात धुळीची आंधी आली, वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तो कॉम्प्युटर संपला. शालिनीजींनी दोन-तीन जाणकार बोलावले. प्रत्येकाने मशीनभोवती एक चक्कर मारली, मान हलवली आणि नवीन मशीनचं रंगीत पत्रक हातात ठेवलं. शालिनीजींनी त्या दिवशी कूलरसुद्धा लावला नाही. शेडमधल्या बायकांना काय ते कळलं.

स्वप्नाच्या डोक्यात तिडीक गेली. लोखंड ठणठणीत आहे, मोटारी फिरताहेत, बाराच्या बारा सुया शाबूत आहेत, आणि केवळ तिची भाषा बोलणारं कोणी उरलं नाही म्हणून तिला भंगारात घालायचं? हा कुठला न्याय? ती भाषा आपण शिकायची, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं, आणि ठरवताना कोणाला विचारलं नाही.

भंगारवाल्याकडून तसाच दुसरा जुना कॉम्प्युटर मिळाला, आणि कंपनीची जुनी सीडी त्यावर चढली. त्याच्या हार्ड डिस्कमधून दळण पडल्यासारखा आवाज येत होता. हा किती टिकेल याचा भरवसा नव्हता. तो मरायच्या आत मशीनची भाषा काढून घ्यायला हवी होती.

इथे तिला बाबा उपयोगी पडले. बाबा वारून बरीच वर्षं झाली होती, तरी पडले. ते रेल्वेत गेटमन होते. आधी मूर्तिजापूरला, मग बदली होऊन जयपूरला, झोटवाड्याच्याच बाजूच्या एका फाटकावर. लहानपणी स्वप्ना डबा घेऊन जायची तेव्हा बाबा हिरवी झेंडी धरून उभे असायचे, गाडी निघून जायची, आणि मग आत येऊन ते रजिस्टरमध्ये लिहायचे. एकदा तिने विचारलं होतं, गाडी थांबवून नीट बघून का नाही लिहीत? बाबा म्हणाले, "गाडी थांबवाची नाई बाई. जाऊ द्याची. फक्त लिहून घ्याची."

स्वप्नाने नेमकं तेच केलं. तिने एक छोटा ड्रायव्हर लिहिला आणि त्याला जुन्या ड्रायव्हरचं नाव देऊन वाटेत उभा केला. सॉफ्टवेअरला वाटे आपण नेहमीच्याच दुभाष्याशी बोलतोय. तिचा ड्रायव्हर प्रत्येक हुकूम जसाच्या तसा पुढे खऱ्या दुभाष्याकडे सोडायचा, मशीनचं उत्तर जसंच्या तसं मागे द्यायचा, आणि येणारं-जाणारं सगळं लिहून ठेवायचा. गाडी थांबत नव्हती, फक्त नोंद होत होती. स्वतःपुरतं त्या ड्रायव्हरचं नाव तिने ठेवलं 'गेटमन'. तो सुरू झाला की नोंदीत पहिली ओळ उमटायची: गेटमन हजर.

पहिल्यांदा एक अख्खा मोर काढला तर आकड्यांची नुसती रास पडली. त्यातून काय कळणार, कपाळ? मग तिने शहाणपण शिकून मशीनला एका वेळी एकच गोष्ट करायला लावली. एक टाका. मग तोच टाका जरा लांब. नोंदीत कुठला आकडा बदलला ते बघायचं. मग दोरा तोडणं, मग रंग बदलणं. आकडा ओळखला की त्याच्यापुढे ती अर्थ लिहायची, मराठीत, कारण विचार त्याच भाषेत चालायचा: 'पुढे', 'मागे', 'दोरा तोड'. मशीनच्या पोटात जास्त टाके साठले की ती "थांब" म्हणून एक आकडा परत पाठवायची. त्यापुढे तिने लिहिलं, 'भरलं'. फ्रेम बसवताना सुई नेमकी कुठे टोचेल ते बघायला सुई एकदा उतरवून परत उचलायचा एक हुकूम होता. त्यापुढे लिहिलं, 'खाली'. वर येण्यासाठी वेगळा हुकूम नव्हताच, सुई आपली आपण यायची.

उन्हाळा सरून पावसाळा आला, तो कॉम्प्युटर दळत राहिला, आणि दिवाळीच्या आधी तो मेला तेव्हा स्वप्नाला त्याचं काहीही वाटलं नाही. मशीनची भाषा तिच्या हातात आली होती. नव्या लॅपटॉपवर तिने आपला ड्रायव्हर लिहिला, नाव तेच ठेवलं, आणि लग्नसराईच्या पहिल्या लेहंग्याचा काठ त्यावर निघाला. शालिनीजींनी सगळ्यांना प्याज की कचोरी खिलवली. इंदुबाईने मशीनला हळदीकुंकवाचं बोट लावलं. स्वप्नाला देवधर्माचं वावडं होतं, पण त्या दिवशी तिने ते चालवून घेतलं.

आता प्रबुद्धविषयी सांगायला हवं.

प्रबुद्ध तिचा धाकटा भाऊ, दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो बोबडं बोलत होता. त्याला अंघोळ घालणं, शाळेत सोडणं, मार देणं आणि मग स्वतःच रडणं, सगळं स्वप्नाने केलं. ती मूर्तिजापूरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तो जन्मला जयपुरात आणि शिकला हिंदी शाळेत. घरात तो मराठी बोले, पण अक्षरं दिसली की डोकं हिंदीत चाले. सहा वर्षांचा असताना एकदा तो गच्चीवर होता. स्वप्नाने अंगणातून हाक मारली, "प्रबू, बादली घेऊन खाली ये!" थोड्या वेळाने महाशय बादली घेऊन आले. बादलीतले सगळे वाळलेले कपडे त्याने गच्चीवर काढून ठेवले होते. "तूच म्हणालीस ना, बादली खाली?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून घरात कोणी रिकाम्या हाताने आलं की 'खाली आला' म्हणायची पद्धत पडली.

असा हा प्रबू पुढे इंजिनियर झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला मालवीय नगरमध्ये ऑफिस, तिथेच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बायको कीर्ती. स्वप्ना बाबांच्या झोटवाड्यातल्या घरात राहिली, तिला तेच बरं वाटायचं. भीमजयंतीला मात्र दोघं तिच्याकडे जेवायला यायचीच. त्या वर्षी जेवण झाल्यावर स्वप्नाने लॅपटॉप उघडला आणि त्याला गेटमन दाखवला. प्रबुद्ध बघत राहिला. "ताई, हे तू एकटीने केलंस? मतलब, कोणाची मदत नाही?"

"हाव. आता जरा साफ करते आणि ज्याच्या ज्याच्याकडे अशी मशीन पडून आहे त्याला देऊन टाकते. बाबाच्या नावानं."

"मला दे ना. घरी नीट बघतो."

स्वप्नाने स्वतःच्या हाताने सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. ड्रायव्हर, नोंदी, अर्थ, सगळं. तिचं काम कोणी समजून घ्यायला मागत होतं, आणि तो तिचा भाऊ होता. त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गुणगुणत होती.

मग काही महिने प्रबुद्धचा फोन कमी झाला. कामात असेल, ती म्हणाली. आणि एके दुपारी अचानक फोन. "ताई, त्या मशीनची सुई शुरू में एकदा उगीच का जाते?"

"माझी नाई जात. तुले कुठून भेटली मशीन?"

"नाही, मतलब, एका मित्राने विचारलं."

"त्याले वायरी तपासायला सांग," स्वप्ना म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही त्या मित्राच्या मशीनचा बिचारी बराच वेळ विचार करत बसली.

पुढच्याच आठवड्यात शालिनीजी म्हणाल्या, शहरातल्या सी-स्कीम भागातल्या कुठल्याशा कंपनीने जुन्या मशीन चालवणारा एक डबा काढलाय, शेजारच्या कारखान्यात दाखवणार आहेत, चला बघू. स्वप्नाला उलट बरं वाटलं. आपल्यासारखंच डोकं दुसऱ्या कोणाचं चालतंय, त्याच्याशी बोलता येईल. इंदुबाईही सोबत निघाली.

शेजारच्या शेडमध्ये तशीच मशीन होती. कडक इस्त्रीच्या शर्टातला विक्रेता आपला काळा डबा जोडून तयार उभा होता. कापड जरा तिरकं बसलं होतं. इंदुबाईला तिरकं कापड बघवत नाही. ती पुढे झाली आणि सुईखालची सुरकुती बोटाने सारखी करू लागली. शालिनीजींच्या शेडमध्ये ती रोज हेच करायची. गेटमन फ्रेम हलवल्याशिवाय सुई कधीच सोडत नसे, तिला त्याची खात्री होती. विक्रेत्याने बटण दाबलं. फ्रेम जागची हलली नाही. सुई खट्कन उतरली आणि इंदुबाईच्या नखातून आरपार जाऊन वर आली.

किंकाळी, रक्त, धावपळ. स्वप्नाने ओढणी फाडून बोट आवळून धरलं. शालिनीजी रिक्षा आणायला धावल्या. विक्रेता पांढराफटक पडला होता, पण तोंड चालूच होतं. "कुछ नहीं जी, हाथ नहीं रखना था. चालू होते ही ये मशीन को एक बार खाली करता है ना, इसलिए."

"क्या करता है?"

"खाली. एम्प्टी. पहले का भरा हुआ निकाल देता है."

स्वप्नाच्या हातात अजून इंदुबाईचं बोट होतं. सुई खाली आणायच्या हुकुमाला रिकामं करायचा हुकूम समजेल असं जगात कोण आहे? ज्याच्यापुढे तिचीच मराठी अक्षरं आहेत, 'भरलं' आणि त्याच्या जवळ 'खाली', आणि जो ती हिंदीत वाचतो. सहा वर्षांचा असताना ज्याने बादली रिकामी करून आणली होती. दुसरं कोणी असूच शकत नव्हतं. तिला कोणाचं नाव विचारायची गरज उरली नाही. विचारलं असतं आणि भलतंच नाव आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मात्र तिला रिक्षात बसल्यावर वाटलं.

डॉक्टरांनी इंदुबाईचं नख काढलं. तिला घरी पोचवून स्वप्नाने मालवीय नगरची बस पकडली.

दार कीर्तीने उघडलं. तिने पाणी आणलं, ते स्वप्नाने घेतलं नाही. प्रबुद्ध समोर येऊन बसला आणि तिचा चेहरा पाहूनच समजला. नाकबूल करायच्या भानगडीत तो पडला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"ताई, मी सांगणारच होतो. मतलब, योग्य वेळी."

"काऊन केलं असं?"

"मग तू काय करणार होतीस? तुझ्या लॅपटॉपमध्ये पडून राहिलं असतं. मी ते एका कंपनीला दिलं, लोकांपर्यंत नेलं. जरा व्यवस्थित केलं, इंग्लिशमध्ये केलं."

"मी वाटणार होते. तुह्यासमोर बोलले होते जयंतीला, झोटवाड्यात बसून जेवला होता, आठवत असंल तुले."

स्वप्नाने मनाशी ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. "बरं, केलं तर केलं. गेटमन कुठं आहे? नाव कुठं गेलं?"

प्रबुद्धने कीर्तीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ते काढलं. ताई, समज ना. इतके मोठे लोक समोर बसलेले असतात. गेटमन म्हणजे... वॉचमनसारखं वाटतं. कोणी विचारलं असतं, हे नाव का, तर मी काय सांगितलं असतं?"

काम नेलं, त्याचा तिला राग आला होता. पण हे ऐकून राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसाने उन्हातान्हात झेंडी धरून याला इंजिनियर केलं, त्याची याला लाज वाटत होती. एका माणसाने दोनदा फसवलं होतं. एकदा तिला आणि एकदा मेलेल्या बापाला. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती उठली.

प्रबुद्ध तिच्यामागे दारापर्यंत आला. "ताई, सुई का जाते ते तरी सांगून जा. माझ्याने सापडून नाही राहिलं. आज एका बाईला लागलं म्हणे, उद्या अजून कोणाला लागेल." त्या बाईचं नाव काय, तिचं बोट कसं आहे, हे त्याने विचारलं नाही.

स्वप्ना उत्तर न देता जिना उतरली. सांगायचं नाही. शोध म्हणावं, अख्खा जन्म शोध. रस्त्यावर आली, बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागली, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी पाय थांबले. डबे विकले गेले असतील. आणखीही जातील. प्रत्येक डब्यासमोर एक मशीन, प्रत्येक मशीनसमोर सुरकुती सारखी करणारी कोणीतरी बाई. त्या बायकांनी काय तिचं वाकडं केलं होतं? प्रबूला हे ठाऊक होतं. ताईला हे बघवणार नाही, हे ठाऊक असूनच त्याने दारात तो शब्द टाकला होता. हे कळत असून ती माघारी फिरली, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

इमारतीखाली उभी राहून तिने मान वर केली आणि झोटवाड्याच्या अंगणातून मारायची तशी हाक मारली. "प्रबू! खाली ये!"

दोन गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. प्रबुद्ध सपाता घालून धावत आला, धापा टाकत, चेहऱ्यावर आशा घेऊन. ताई विरघळली असं त्याला वाटलं असणार. आजवर विरघळतच आली होती ती.

"काऊन आला?" स्वप्नाने विचारलं.

"तूच बोलावलं ना."

"काय म्हणून बोलावलं?"

"खाली ये म्हणून."

"मग रिकामा होऊन आला का?"

प्रबुद्ध तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला काहीच कळलं नाही. मग त्याच्या कपाळावरची आठी सुटली, डोळे मोठे झाले, तोंड उघडलं. तोच सहा वर्षांचा चेहरा, रिकामी बादली हातात धरलेला. स्वप्नाचा जीव एकदम खालीवर झाला. आता आठवेल त्याला. अंगण आठवेल, बाबांचा ठसका आठवेल. आता म्हणेल काहीतरी. 'चुकलो' एवढं जरी म्हणाला असता तरी तिने तिथल्या तिथे त्याला पोटाशी धरलं असतं, आणि मग आयुष्यभर स्वतःला दोष दिला असता.

प्रबुद्धने खिशातून फोन काढला.

"हाँ सर, मिल गया," तो म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज फाटला होता. "वो एम्प्टी है ही नहीं, डाउन है. सुई नीचे. हाँ, आज ही बदल देता हूँ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तो हसला. "नहीं सर, पूछूँगा किससे? मैंने ही निकाला."

स्वप्ना अजून त्याच्यासमोरच उभी होती.